गोदाअक्कांचं भजनी मंडळ

गोदाअक्कांना गाता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आवाज असा, की हैद्राबादच्या जामबागेतल्या फुलबाजारात त्या भाव करायला उभ्या राहिल्या की फुलवाला हात जोडायचा आणि म्हणायचा, "ले जाव अम्मा, जो देना है सो दे के ले जाव." आणि ह्या बाईच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी भजनी मंडळ भरायचं! वर्षानुवर्षं भरायचं. दार लावलेलं असायचं, उदबत्तीचा वास गल्लीत यायचा, सुरुवातीला थोडा वेळ टाळ वाजायचे आणि मग सगळं शांत. "ध्यान लावतात हो ती मंडळी," असं समोरच्या कुलकर्णीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या. कसलं ध्यान न् कसलं काय! आत आम्ही चहा पीत असायचो आणि आमच्यातलं कुणीतरी रडत असायचं.

हे आता उघड सांगायला हरकत नाही. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते सगळे गेले, आणि ज्यांच्यासाठी लपवायचं होतं तेही गेले.

अक्का परभणीकडच्या. माहेरी-सासरी दोन्हीकडं शेतीवाडी. नवरा, म्हणजे आमचे नाना, हैद्राबादेत कोर्टात कारकून, म्हणून त्या इथं आल्या. अंगानं आडव्या, चालणं घाईचं, पदर कायम खोचलेला. बोलताना मराठीत उर्दू कधी मिसळायची ते त्यांचं त्यांना कळायचं नाही. कुणी फार शहाणपणा सांगायला लागलं की "हौ, हौ" म्हणायच्या, आणि त्या "हौ हौ"चा अर्थ "तू बोल बाबा, मी काही ऐकत नाही" असा असतो, हे कळायला मला वर्ष लागलं.

आमच्याकडं त्या पहिल्यांदा आल्या त्या विरजण मागायला. वडील नुकतेच गेले होते. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते, आणि माझा मोठा भाऊ, दादा, वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून मागच्या खोलीत बसला होता. कोठी भागातल्या इराणी हॉटेलातला रेडिओ आपल्याविषयीच बोलतो, असं त्याला वाटायला लागलं होतं. पुढंपुढं घरातल्या भिंतीही बोलायला लागल्या. आईनं गल्लीत सांगून ठेवलं होतं, की मुलगा मुंबईला शिकायला गेलाय. त्याला बाहेर येऊ द्यायची नाही, खिडकी उघडू द्यायची नाही. आम्ही दोघी हळू बोलायचो, हळू चालायचो, आणि तो ओरडायला लागला की आई मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणायला बसायची.

अक्कांनी विरजणाची वाटी हातात घेतली, दोरीवरच्या कपड्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, हे सदरे कुणाचे?"

आई घाईघाईनं दोरीवरचे सदरे ओढायला लागली.

"नाही, लेक मुंबईला असतो म्हणालात. मुंबईला शिकणाऱ्याचे सदरे हैद्राबादेत वाळत कसे पडतात, एवढंच विचारलं."

मला असा राग आला! काय चोंबडी बाई आहे, म्हटलं. पण त्या चोंबडेपणा करून निघून गेल्या नाहीत. तिथंच उंबऱ्याशी फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "ते असू द्या. तुम्हाला सलग झोप कधी लागली होती?"

दादाविषयी एक अक्षर नाही. काय झालंय, कधीपासून झालंय, कुणाला दाखवलं, काहीच नाही. आईला आजवर कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. ती तिथल्या तिथं खाली बसली आणि वडील गेले तेव्हासुद्धा रडली नव्हती इतकी रडली. अक्कांनी तिला जवळबिवळ घेतलं नाही, रडू नका असंही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "होऊ द्या सावकाश. मला विरजणाची काही घाई नाही."

जाताना म्हणाल्या, "गुरुवारी आमच्याकडं भजन असतं. या दोघी मायलेकी."

"माझा आवाज कुठाय भजनाचा?" आई म्हणाली.

"नाही ना? मग तर याच."

पण दादाला एकटं कसं ठेवायचं? तर त्याची सोय अक्कांनी आधीच करून ठेवली होती. मंडळातलं एक माणूस त्या वेळी आमच्या घरी येऊन बसलं. ह्याला त्या 'बसायला जाणं' म्हणायच्या. ही त्यांची खरी युक्ती. आज तुझ्या घरी मी बसते, तू दोन तास बाहेर जा. कुठं जायचं ते विचारायचं नाही. बाजारात जा, लग्नाला जा, नाहीतर नुसती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून ये. परत आल्यावर हिशेब द्यायचा नाही. आई पहिल्यांदा अशी बाहेर पडली तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. "कुठं जाऊ तेच सुचेना," म्हणाली. अक्कांनी तिला हाताला धरून पुन्हा बाहेर काढलं.

गुरुवारचे नियमही अक्कांचेच. उपाय सांगायचा नाही, हा पहिला. अमका हकीम, तमका अंगारा, लग्न करून टाका म्हणजे ठीक होईल, असं कुणी तोंड उघडलं की त्या टाळ उचलून वाजवायच्या. दुसरा नियम, शिव्या द्यायच्या त्या इथं द्यायच्या, घरी नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आई हादरली. पोटच्या पोराला शिव्या? पण तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी तिच्या तोंडून निघून गेलं, "मरत का नाही तो एकदाचा!" आणि तिनं स्वतःचंच तोंड दाबलं. कुणी दचकलं नाही. साळवे मास्तर खाली बघत म्हणाले, "मी तर हे रोज म्हणतो, वहिनी. आणि रोज पोळी तिला आधी वाढतो."

साळवे मास्तर नांदेडकडचे, प्राथमिक शाळेत शिकवायचे. त्यांची बायको कुणाला न सांगता घरातून निघून जायची आणि ते शाळा सुटल्यावर तिला शोधत फिरायचे. नातेवाईक म्हणायचे, हिला माहेरी टाक, दुसरी कर. पुरुषाच्या जातीला तेवढं सोपं असतं, पण मास्तरांनी ते केलं नाही. मंडळात पहिल्यांदा आले तेव्हा ते दाराशी, चपला काढतात तिथं बसले. जातीनं त्यांना जिथं बसायला शिकवलं होतं तिथं. अक्का ओरडल्या, "मास्तर, दारात बसलात तर दार लावू कसं? आत सरका. लोकांना भजन ऐकू जाईल ना!" मास्तर सरकले. चहा एकाच किटलीतून, एकसारख्या कपांतून आला. आमची आई सोवळ्याओवळ्याची. तिनं कप बराच वेळ हातात नुसता धरून ठेवला. मग प्याली.

आता अक्कांच्या घरी काय होतं ते सांगते. त्यांच्याकडं होत्या वन्सं. नानांच्या थोरल्या बहीण. अक्का त्यांना वन्सं म्हणायच्या, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. उंच, गोऱ्या, नाक असं सरळ. ऐन तारुण्यात सासरच्यांनी आणून सोडल्या त्या परत नेल्या नाहीत, आणि त्या घरात आल्यापासून उंबरा ओलांडून बाहेर पडल्या नव्हत्या. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी त्यांना घाम फुटायचा. दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायच्या. अन्नात कुणीतरी काही घातलंय, अशी त्यांची खात्री होती. म्हणून अक्का त्यांच्याच ताटातून प्रत्येक पदार्थाचा एकेक घास आधी स्वतः खायच्या आणि मग ताट पुढं सरकवायच्या. बाहेरून आलेल्या बायका नाक मुरडायच्या, मोठ्या नणंदेला उष्टं ताट वाढते म्हणून. अक्का म्हणायच्या, "माझं उष्टं खातात, म्हणजे बघा, किती विश्वास आहे माझ्यावर!"

विश्वास कसला! वन्सं मला एकदा हळूच म्हणाल्या, "ही बाई आमच्याकडं स्वैपाकाला आहे. मिठाचा हात फार सढळ."

आतून अक्का ओरडल्या, "पगार वाढवा म्हणावं, मीठ कमी करते!"

वन्सं हसल्या. खरंच हसल्या. तोवर मला वाटायचं, ज्या घरात असं माणूस आहे तिथं हसणं हा गुन्हा आहे. आमच्या घरी हसणं बंद होऊन किती दिवस झाले होते, ते मला त्या दिवशी कळलं. पुढं आईनंही दादाच्या ताटातला घास आधी खायला सुरुवात केली. सोवळ्याची बाई, पण पोरगं जेवायला लागलं म्हटल्यावर सोवळं बसलं कोपऱ्यात.

असं चाललं होतं, आणि मग राज्य फुटलं.

हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू मुलूख आंध्राकडं, कानडी म्हैसूरकडं, आपला मराठवाडा मुंबई राज्यात. कचेऱ्यांतून याद्या लागायला लागल्या, कोण कुठल्या राज्याला. मराठी माणसं खूश होती, आपण आपल्या मुलखात चाललो म्हणून. मिठाया वाटत होती. माझं नाव औरंगाबादच्या यादीत लागलं. नानांचंही लागलं. साळवे मास्तरांनीही नांदेड जिल्ह्यात शाळा मागून घेतली. गल्लीतली घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली, आणि आमच्या गुरुवारच्या खोलीत सगळ्यांचे चेहरे उतरले. कारण नोकरी जाते तिथं माणूस जातं हे खरं, पण आमच्या घरातलं माणूस कसं न्यायचं?

ह्याच गडबडीत एक गंमत झाली. जाणाऱ्या मंडळींसाठी मोठा निरोपसमारंभ ठरला आणि त्याचे चिटणीस बोधनकर वकील अक्कांच्या दारात आले. "तुमच्या मंडळाचं इतकं ऐकून आहोत. समारंभाची सुरुवात तुमच्याच भजनानं व्हावी."

आम्हाला वाटलं, अक्का काहीतरी सबब सांगून कटवतील. त्या म्हणाल्या, "हौ, गाऊ की!"

"अक्का, अहो, गाऊ काय?" आई जवळजवळ ओरडलीच.

"नाही म्हटलं असतं तर विचारलं असतं, इतकी वर्षं करता काय? मग काय सांगायचं होतं?"

मग काय, गुरुवारी खरोखरच भजन शिकायला लागलो. सगळ्यांना तोंडपाठ असणारा एक सोपा अभंग घेतला. आई वरच्या पट्टीत, मास्तर खालच्या, अक्का दोन्हींत नाहीत. टाळ एकीकडं, आम्ही भलतीकडं. वन्सं आतल्या खोलीत कानांवर हात ठेवून बसायच्या. त्यांचं बरोबरच होतं.

समारंभाच्या दिवशी नाना वन्संजवळ बसले, मंडळातलं एक माणूस दादाजवळ. सभागृह भरलेलं. आम्ही उभे राहिलो आणि गायलो. काय सांगू! पहिल्या कडव्याला लोकांनी श्रद्धेनं डोळे मिटले, दुसऱ्याला उघडले आणि तिसऱ्याला मागच्या रांगेतून हसू ऐकू यायला लागलं. शेवटचं धृपद संपायच्या आत मास्तरांचं गाऊन झालं होतं. खाली आलो तर कुलकर्णीबाई पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "गोदाअक्का, रागवू नका हं, पण इतकी वर्षं दर गुरुवारी दार लावून तुम्ही करत काय होतात हो?"

अक्का म्हणाल्या, "रडत होतो."

बायका खो खो हसल्या. "रडून झालं की चहा प्यायचो," अक्कांनी पुढं जोडलं. आणखी हशा. कुणी म्हणालं, भारी विनोदी बाई. आईनं माझा हात घट्ट पकडला. अक्काही हसत होत्या, पण मी शेजारीच उभी होते, त्यांचे डोळे हसत नव्हते. कुणीतरी 'खरंच?' असं विचारावं म्हणून त्या थांबल्या होत्या, असं मला वाटलं. कुणी विचारलं नाही. मग वकीलसाहेबांचं भाषण सुरू झालं.

दादाला नेण्याची तयारी अक्कांनी हातात घेतली. त्याची समजूत घालत बसायचं नाही, सवय लावायची, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी त्याला रिक्षात बसवून फक्त कोपऱ्यापर्यंत. मग कोठीपर्यंत. मग काचीगुडा स्टेशनापर्यंत. तिथं बाकावर बसायचं, गाडी येते, जाते ती बघायची आणि घरी परतायचं. दादा कानांवर शाल गुंडाळून, डोळे बारीक करून बसायचा. रिक्षावाला शेवटी वैतागला. "रोज टेशन को आते, गाडी में बैठते नै. क्या बात है अम्मा?"

"सीख रहे हैं बाबा," अक्का म्हणाल्या. "तुम भी तो एक दिन में रिक्षा चलाना नै सीखे."

तेवढा वेळ आई वन्संजवळ बसायची. हळूहळू दादा गाडीच्या डब्यात पाय ठेवून उतरायला शिकला. तो जाऊ शकेल, हे आम्हाला कळलं.

वन्संचं मात्र काही जमलं नाही. अक्कांनी त्यांनाही उंबऱ्यापर्यंत आणलं, रोज, किती गोडीनं आणलं. एक दिवस एक पाय बाहेर पडलासुद्धा. आणि मग वन्संनी चौकट अशी धरली की नखांतून रक्त आलं. तोंडातून आवाज नाही, नुसती थरथर. अक्कांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, आत नेलं, पाणी पाजलं आणि नानांना सांगितलं, "झालं. ह्या येणार नाहीत."

परभणीहून नानांचे चुलतभाऊ आले होते. ते म्हणाले, इस्पितळात घालून टाका आणि मोकळे व्हा, तिथं असली माणसं असतातच. नानांची सख्खी बहीण, पण त्यांच्या पेन्शनीला थोडीच वर्षं राहिलेली. नोकरी सोडली तर खायचं काय?

"तुम्ही जा," अक्का म्हणाल्या. "मी राहते."

नाना माझ्या आईसमोर ढसाढसा रडले. "माझी बहीण आहे, वहिनी. आणि राहतेय ही."

आम्ही सगळ्यांनी अक्कांना मनोमन हात जोडले. बाई किती धीराची, किती खंबीर! आणि पुढच्या गुरुवारी, तो शेवटचाच गुरुवार होता, उदबत्ती लावून दार लावलं आणि अक्का भिंतीशी बसल्या. नेहमी विचारायच्या तसं कुणाला काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते."

मास्तरांनी हातातले टाळ खाली ठेवले.

"तुम्ही सगळे चाललात. नाना चालले. माझ्याकडं बसायला येईल असं एक माणूस उरत नाही ह्या गल्लीत. मी ह्या घरात कोंडून घेणार वन्संबरोबर, आणि एक दिवस मीसुद्धा भिंतीला पाठ लावून बसेन. मला ते नाही जमायचं. राहते म्हणाले खरी, पण मला नाही जमायचं." आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांत त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होतो.

आईच्या ओठांवर आलं होतं काहीतरी. होईल सगळं नीट, किंवा असंच काही. पण उपाय सांगायचा नाही हा अक्कांचाच नियम, आणि सांगायला उपाय तरी होता कुठं? मास्तर उठले आणि त्यांनी चहा ओतला.

मास्तर बायकोला घेऊन नांदेडला गेले. नाना गेले. कुलकर्ण्यांच्या जागेत कर्नूलहून बदली होऊन आलेलं एक तेलुगू कुटुंब राहायला आलं. त्यांच्या बाईचं नाव सीतम्मा, एवढंच कळलं. त्यांना आपली भाषा येईना, आपल्याला त्यांची.

आमची गाडी सकाळची होती. आदल्या दिवशीच अक्कांच्या घरी जाऊन निरोप घेतला होता, कारण वन्संना एकटं टाकून त्या स्टेशनवर येणं शक्यच नव्हतं. दादा खिडकीशी शाल गुंडाळून बसला, जराही गडबड न करता. आई मात्र सारखी फलाटाच्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "आई, त्या कशा येतील? जवळ कोण बसेल?"

आणि तेवढ्यात गर्दीतून त्या येताना दिसल्या. हमालाला ढकलत, माणसांना बाजूला सारत, धापा टाकत. आई घाबरून ओरडली, "अक्का! वन्संजवळ कोण?"

अक्कांना बोलता येईना. त्यांनी खिडकीचे गज धरले. "ती... समोरची. सीतम्मा."

"तिला काय सांगितलंत? भजन?"

"छे! भजन कुठलं?" त्या म्हणाल्या. "सांगून टाकलं. तेलुगू मला कुठं येतं धड? वन्संकडं बोट दाखवलं, डोक्याला हात लावला, म्हटलं 'बाग लेदु', बरं नाही. लई वर्षांपासून बरं नाही. मला तासभर बाहेर जायचंय, तुम्ही बसाल का, असं हातानंच विचारलं. दारात उभी राहून विचारलं, वहिनी, गल्लीदेखत!"

"मग?"

"मग काय! चुलीवरचं उतरवून आली. वन्संच्या समोर बसली मुकाट्यानं. वन्संनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि जरा सरकून तिला चटईवर जागा दिली." अक्का हसायला लागल्या आणि त्यातच त्यांचे डोळे वाहायला लागले. "इतकी वर्षं काय घाबरत होतो गं आपण?"

आईनं गजांतून हात बाहेर काढून त्यांचा चेहरा कुरवाळला. दोघींना बोलायचं खूप होतं, पण अक्कांनी लगेच डोळे पुसले. "निघते मी. तिची पोरं लहान आहेत, ती वाट बघत असेल." दादाकडं बघून म्हणाल्या, "नीट जा रे बाबा." आणि गाडी हलायच्या आधीच वळल्या. घाईघाईनं, पदर खोचत, गर्दीतून वाट काढत गेल्या. मागं वळून बघितलं नाही.

आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "एकटी राहिली गं अक्का."

दादा सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. त्यानं कानावरची शाल जरा बाजूला केली.

"एकटी कुठं?" तो म्हणाला. "ती बाई बसलीय ना."